दुपट्ट्याखाली ठरलेली वीज

परवा माझ्या नातीने मोबाइलवर एक बातमी दाखवली. दूर उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड समुद्रात काही देश मिळून पवनचक्क्या उभ्या करणार आहेत. चक्क्या समुद्रात, तारा समुद्राच्या तळातून, आणि वीज सगळ्यांनी वाटून घ्यायची. कोट घातलेले मंत्री एकमेकांचे हात हातात घेऊन हसत होते.

नात म्हणाली, "आबा, पाहा ना, किती भारी! देशादेशांत अशी दोस्ती पाह्यजे."

मी विचारलं, "तास कोणते ठरले?"

"कायचे तास?"

"वीज कोणाले कधी भेटन ते. दिवसा कोणाले, रात्री कोणाले?"

ती म्हणाली, बातमीत तसं काही नाही. मी म्हटलं, मग अजून काहीच ठरलेलं नाही. हात धरून हसायला काय लागतं? माझा आवाज जरा चढला असावा, कारण तिच्या आजीने आतून सांगितलं, "तू नोको लक्ष देऊ वं. त्याईचं डोस्कं अजून त्या नदीवरच अटकून हाये."

अडकलेलं आहे, हे मी नाकबूल करत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'विजेच्या धंद्यातले थरारक प्रसंग' मागितले होते. आमच्या धंद्यात थरारक प्रसंग ज्याच्यावर येतो तो सहसा लिहायला उरत नाही. म्हणून मी नदीचंच लिहितो.

मी विजेच्या खांबांचा ठेकेदार होतो. सुरुवात खड्डे खोदण्यापासून केली. माझे वडील पांढरकवड्याच्या गुरांच्या बाजारात हेड्यांची, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्यांची, गुरं हाकायचे. शिक्षण बेताचं झालं, पण बाजारात वाढलेलं पोर तोंडाने आणि डोळ्यांनी शिकतं. खड्डे खोदता खोदता मी मुकादम झालो, मग दुसऱ्याच्या नावावर कामं केली, मग स्वतःच्या. कोणी हात धरून वर ओढलं नाही. हे सांगताना लोक नम्र होतात, मी होत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, खांब उभा करणं हे या धंद्यातलं अवघड काम. ते तर दोर आणि माणसं असली की होतं. अवघड असतं ते खांबाला जागा मिळवणं. वीज सगळ्यांना पाहिजे, खांब मात्र शेजाऱ्याच्या शेतात पाहिजे. महागावकडे दोन चुलतभाऊ एका खांबावरून असे भांडले की मी कंटाळून तो सरकारी रस्त्याच्या कडेला लावला. दुसऱ्या दिवशी दोघंही माझ्याकडे, या वेळी एकत्र. आमचा खांब रस्त्याला का दिला? एकाने त्याला म्हैस बांधायचं मनात धरलं होतं, दुसऱ्याने त्याच्या आधाराने गोठा काढायचं. मुकुटबनला एक म्हातारे खोदलेल्या खड्ड्यात उतरून बसले आणि म्हणाले, "आता मलेच गाडा." मजूर गंमत बघू लागले. मीही खड्ड्यात उतरलो, शेजारी बसलो, वरून चहा मागवला. दुपारपर्यंत त्यांनी त्यांच्या धाकट्या मुलाविरुद्धचं सगळं गाऱ्हाणं मला सांगितलं आणि मग आपणच हात वर करून म्हणाले, "ओढा मले बाहेर, कंबर अवघडली." खांब तिथेच उभा राहिला. लोकांना बहुतेक वेळा खांब नको असतो असं नाही. कोणीतरी आपल्याशी बसून बोलावं, एवढंच हवं असतं. सरकारला बसायला वेळ नसतो, म्हणून ठेकेदार लागतो.

आता नदी.

पैनगंगेच्या अलीकडच्या काठाला खैरटोका नावाचं कोलाम आदिवासींचं गाव आहे. त्याच्या आसपास आणखी चार वस्त्या. आमच्या बाजूने तिथे वीज जायची ती जंगलातून, फार लांबून. नळाच्या शेवटच्या घराला जसं करंगळीएवढं पाणी येतं, तशी ती वीज पोचायची. बल्बमधली तार नुसती लाल व्हायची, त्या उजेडात बल्ब कुठे आहे तेवढं कळायचं. पलीकडच्या काठावर त्या वेळी आंध्र होतं, तेलंगण वेगळं झालं नव्हतं. तिकडचं सबस्टेशन काठाला लागूनच. खैरटोक्याची माणसं संध्याकाळी अंगणात बसून दुसऱ्या राज्याचे दिवे बघायची. त्यातल्या अर्ध्या घरांत यांच्या मुली दिलेल्या होत्या.

याच्या उलट, नदीच्या वरच्या अंगाला आंध्रातली काही गावं त्यांच्या डोंगरामागे अडकलेली होती, आणि आमचं सबस्टेशन त्यांच्या उशाशी. कुठल्याही हेड्याला जे एका नजरेत सुचलं असतं ते दोन सरकारांना सुचायला बरीच वर्षं लागली. तुमची गावं आम्ही पाजतो, आमची तुम्ही पाजा.

ते सुचलं, त्याला कारण कापूस. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं होतं, आणि ते चांगल्या कारणाने नव्हतं. कापसाचे भाव बसले होते, घरं बसली होती. मुंबई-दिल्लीच्या गाड्यांचा धुरळा गावागावांत उडायचा. प्रत्येक खात्याला 'यवतमाळसाठी आम्ही हे केलं' असं दाखवायला काहीतरी हवं होतं. त्या घाईत विजेच्या अदलाबदलीची धूळ खात पडलेली फाइल कोणीतरी वर काढली. नागपूरला बैठक झाली, हैदराबादला झाली, आणि नदीवरून तार ओढण्याचं काम मला मिळालं.

दोन्ही काठांवर उंच मनोरे उभे केले. उन्हाळ्यात नदीचं पाणी उतरल्यावर आधी दोर पलीकडे नेला, दोराला तार बांधली आणि पलीकडून बैलजोड्या लावून ओढली. पलीकडचा ठेकेदार होता मल्लय्या. काळासावळा, पोट पुढे, खांद्यावर दुपट्टा. हिंदी त्याची, मराठी माझी, आणि दोघांची भाषा मिळून एक तिसरीच. काम झाल्यावर तो म्हणाला, "सेठ, हो गया. अब बत्ती जलेगा."

बत्ती जळली नाही. तार ताणलेली राहिली, वर पाखरं बसू लागली, एक पावसाळा गेला, हिवाळा आला, आणि वीज नाही. कारण रोज किती तास द्यायची हेच ठरत नव्हतं. ते दिवस भारनियमनाचे होते. वीज दोन्हीकडे कमी. त्यातली दुसऱ्याच्या गावांना द्यायची म्हणजे आपल्या गावांची तोडायची. आकडा जो आधी बोलेल त्याचं नाव कागदावर येणार आणि मग वरून त्याला विचारणा होणार, 'एवढे तास कोणाला विचारून दिले?' म्हणून बैठकीत कोणीच आकडा बोलत नव्हतं. बिस्किटं खाऊन उठत होते.

एके दिवशी खैरटोक्याची सरपंच भिमाबाई माझ्या घरी आली. बाई कोलाम, वय चाळिशीचं, बोलणं कोयत्यासारखं. गावात पिण्याच्या पाण्याची टाकी बांधून तयार होती, नदीच्या डोहावर पंपाची खोली होती, पण त्या मरतुकड्या विजेवर मोटर उठत नव्हती. बायका उन्हाळाभर नदीच्या वाळूत झिरे खोदून वाट्यावाट्याने पाणी भरायच्या. टाकी भरून दाखवते, या एका बोलीवर बाई निवडून आली होती.

ती दारातूनच म्हणाली, "ठेकेदार, तार ताणली ते लुगडे वाळत घालाले का?"

मी म्हटलं, "बाई, माह्या हातात नाई. साहेबलोक ठरवून राह्यले."

"साहेबाले मी काय ओळखतो? तार तू ताणली, मी तुलेच इचारन." मग खाली बसली आणि हळू बोलली, "एक आयकून घे. पंपाची खोली मोहाच्या झाडाईत हाये. मोह गळाले लागला का रात्री तिथं अस्वलाईचा बाजार भरते. मले लाइट दिवसाचीच पाह्यजे. पंप चालू कराले माहा लेतूच जाईन."

लेतू तिचा एकुलता एक मुलगा. पंप आपोआप सुरू करणारं यंत्र मिळतं, पण वीज कमी-जास्त झाली की त्यावर मोटर जळते. माणूसच जायला हवा होता.

मी म्हटलं, "दिवसाचीच भेटन. हा माहा शब्द."

पुढची बैठक मी काकुळतीला येऊन नदीकाठी ठेवायला लावली. म्हटलं, साहेबांनी निदान तार तरी बघावी. आमच्या वीज खात्याचे वानखडे साहेब आले, पलीकडच्या खात्याचे राव साहेब आले. मंडप, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. दुपार झाली तरी तेच. "आपण सकारात्मक आहोत." "हम भी पॉजिटिव हैं." कारकून लेखणी उघडून बसलेला आणि कागद कोरा.

माझं लक्ष मल्लय्याकडे गेलं. तो खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर घडी घालत होता, आणि घालता घालता त्याने उजवा हात सहज त्याच्या खाली सरकवला. मी त्या बाजारात वाढलोय. मी लगेच ओळखलं.

ज्यांनी गुरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाचा भाव बाजारात तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा दुपट्ट्याखाली हात घालतात. जेवढी बोटं धरली तेवढा आकडा. पूर्ण पंजा म्हणजे पाच, सोडून पुन्हा धरलेली बोटं त्यात मिळवायची. नको असेल तर हात झटकायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणी किती मागितलं आणि कोण कुठवर खाली आला, हे त्या दोघांशिवाय कोणाला कळत नाही. कोणाची पत जात नाही. पैनगंगेच्या दोन्ही काठांना हीच रीत, कारण बैल काही राज्याची हद्द पाळत नाहीत.

मी वानखडे साहेबांच्या कानाशी गेलो. "साहेब, तोंडानं बोलूच नका. आकडा मले सांगा, मी त्याच्याशी बाजार करतो. कागदावर फक्त शेवटचाच येईन."

ते आधी हसले. मग त्यांनी कोऱ्या कागदाकडे पाहिलं आणि हसायचे थांबले. तिकडे मल्लय्या राव साहेबांच्या कानाला लागलाच होता.

मंडपाच्या मधोमध आम्ही दोघं उकिडवे बसलो. वर दुपट्टा. पहिल्यांदा मी बारा मागितले, त्याने माझा हात असा झटकला की बांगडी असती तर फुटली असती. त्याने तीन बोटं धरली. मी त्याच्या आईबापाची विचारपूस केली. तो म्हणाला, "सेठ, रिश्तेदारां को बीच में नको लाव." मध्येच उठून मी साहेबांकडे जायचो, तो राव साहेबांकडे, पुन्हा हात. सभोवताली दोन राज्यांचे इंजिनिअर जत्रेत आल्यासारखे उभे. शेवटी पंजा आणि तीन बोटं. आठ तास. आम्ही तुमच्या गावांना आठ, तुम्ही आमच्या गावांना आठ. मल्लय्याने रीतीप्रमाणे सुतळीचा तुकडा माझ्या हातात ठेवला. जनावराचं दावं हातात देतात, तसा. सौदा पक्का.

इथे एक गोष्ट आम्ही दोघंही बोललो नाही, कारण बोलायची असते हेच आमच्या डोक्यात आलं नाही. बाजारात दिवेलागणीनंतर दावं हातात देत नाहीत. अंधारात दिलेलं जनावर लंगडं असलं तरी कळत नाही, म्हणून सौदा उजेडाचा, देणंघेणं उजेडाचं. दुपट्ट्याखाली आठ ठरले म्हणजे दिवसाचे आठ, हे मला ठाऊक, मल्लय्याला ठाऊक. बोटांना दिवस-रात्र सांगता येत नाही, आणि आम्हाला ती सांगायची गरज वाटली नाही.

साहेबांना मात्र बाजार ठाऊक नव्हता, फक्त आकडा ठाऊक होता.

वीज आली. मी गावात पेढे घेऊन गेलो. ती रात्री आली, रात्रभर राहिली आणि उजाडताना गेली. मला वाटलं, पहिला दिवस म्हणून असेल. पण रोज तेच. मी वानखडे साहेबांना फोन केला.

"नामदेवराव, आठ तास ठरले, आठ तास मिळतायत. अडचण काय आहे?"

"साहेब, रात्री?"

"ठरावात दिवस-रात्र नाही. पाहिजे तर वाचा."

"दुपट्ट्याखाली रात्रीचा सौदा नसते, साहेब!"

"हे गुरांचं मार्केट नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मोह गळायला लागले होते. लेतू रोज रात्री कंदील घेऊन, पत्र्याचा डबा बडवत डोहावर जायचा. टाकी भरायची. बायकांनी झिरे खोदणं सोडलं. गाव खूश होतं, फक्त भिमाबाई झोपत नव्हती. मग जे व्हायचं तेच झालं. अस्वलाने लेतूला मोहाखाली धरलं. डबा फेकून तो पंपाच्या खोलीत शिरला म्हणून वाचला, पण खांद्यापासून कोपरापर्यंत हात उसवला. मी यवतमाळच्या दवाखान्यात गेलो तेव्हा बाई बाकावर बसली होती. मला वाटलं, ती शिव्या देईल. मी त्याच्या तयारीने गेलो होतो, मला शिव्या सोप्या जातात.

ती एवढंच म्हणाली, "तू शब्द देल्ला होता, भाऊ."

त्यानंतर गावातून कोणीही पंपावर जायला तयार होईना, आणि तिने कोणाला सांगितलंही नाही. दुसऱ्याच्या पोराला कोणत्या तोंडाने सांगणार? तारेत वीज, खोलीत पंप, आणि टाकी कोरडी. बायका पुन्हा वाळूत.

मी नदी ओलांडून मल्लय्याकडे गेलो ते भांडायला. वाटेत मनाशी शिव्या जुळवत गेलो. तो अंगणात बसला होता. मला पाहताच तोच आधी ओरडला, "सेठ! तुम लोगां ऐसा धोका देते क्या? हमारे गाँवां को तुम्हारा लाइट रातकोच आता! लोगां मेरे को गाली देते!"

म्हणजे आमच्या खात्यानेही त्यांच्या गावांना तेच केलं होतं. दोन्ही साहेबांनी दिवसाची चांगली वीज घरच्यांना ठेवली आणि शिळी भाकर पाहुण्यांच्या ताटात टाकली. पाहुणे काही इथले मतदार नाहीत. एकमेकांशी न बोलताही दोन्ही सरकारांचं या एका बाबतीत एकमत होतं. मल्लय्याच्या बायकोने ताक आणून दिलं, आणि आम्ही दोघं ते पीत एकाच वेळी दोन्ही सरकारांना शिव्या घालत बसलो. त्या सगळ्या प्रकरणातलं खरं सहकार्य मला विचाराल तर ते.

पुन्हा बैठक लावायला मला नाही नाही ते करावं लागलं. पत्रकारांना फोन करीन अशी धमकी मी दिली, ती दिल्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. वानखडे साहेबांनी बजावलं होतं, "तुम्ही फक्त व्यवस्था बघा. बोलायचं नाही." पुन्हा मंडप, पुन्हा खुर्च्या. आणि भिमाबाई आली, सोबत लेतू, हात गळ्यात बांधलेला.

राव साहेब माणूस वाईट नव्हता. लेतूला पाहून त्यांनी मान खाली घातली. पण म्हणाले, "दिन में मेरे पास खुद का पूरा नहीं पड़ता, अम्मा. मेरे किसान मेरे को मारेंगे." मल्लय्या मला खुणावत होता, पुन्हा दुपट्टा काढू का? तेवढ्यात बाईने त्याच्या खांद्यावरून तो ओढून घेतला, राव साहेबांसमोर खाली बसली, त्यांचा हात धरला आणि वर दुपट्टा टाकला.

मंडपात हसू फुटलं. बाई माणसाने दुपट्ट्याखाली हात घातलेला बाजारात कोणी पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "बाई, बोटाईचा हिशोब तुमाले येते का?"

"मले कायले हिशोब? मी हात सोडत नाई, एवढंच मले येते."

आणि सोडला नाही. राव साहेब आधी हसले, मग लाजले, मग सोडवायला लागले. "अरे अम्मा, छोड़ो ना. सब देख रहे."

"पाहू दे. तुह्या आठ तासातून मले आठ नोको. चार दे. पण उन्हात दे."

मी ओरडलो, "बाई, भाव काहून पाडता! आठ ठरले हायेत!" हातात आलेला सौदा निम्म्यावर आणणं मी आयुष्यात केलं नव्हतं.

ती मागे न बघता म्हणाली, "तू चूप बस. टाकी भरली का झालं. उरल्या लाइटीनं काय अस्वलाईचे तोंडं पाहू?"

मल्लय्याने तेलुगूत सांगितलं. राव साहेबांनी तिथल्या तिथे आपल्या माणसाला विचारलं, दुपारचे चार तास कुठून निघतील. त्यांचं तेलुगू मला कळलं नाही, पण देणाऱ्याचा आवाज मला कुठल्याही भाषेत कळतो. शेवटी ते म्हणाले, "चार. दोपहर को. लेकिन हमारे गाँवों को भी दोपहर चाहिए." आणि वानखडे साहेबांकडे पाहिलं.

वानखडे साहेब म्हणाले, "यावर आम्ही विचार करू."

हे वाक्य मी तीस वर्षं ऐकलं होतं. त्याचा अर्थ नाही. आणि ते नाही म्हटले की राव साहेबांचे चारही गेले. मी पुढे झालो, भिमाबाईच्या हातातला दुपट्टा घेतला, साहेबांच्या खुर्चीपाशी बसलो आणि त्यांचा हात धरला. आमच्याच खात्याच्या साहेबाचा, चारचौघांत.

ते दातांत म्हणाले, "नामदेवराव, हात सोडा."

"चार बोटं धरली साहेब. झटका."

"तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात?"

"दिवसाच्या," मी म्हटलं.

सगळे बघत होते. कोणीतरी फोटो काढत होतं. राव साहेब हसत होते. वानखडे साहेबांना हात झटकता आला असता, पण समोर लेतू उभा होता. त्यांनी चार बोटं तशीच राहू दिली.

पुढे या अदलाबदलीचा मोठा बोलबाला झाला. दोन राज्यांच्या सहकार्याचा नमुना म्हणून तिच्यावर भाषणं झाली, पुस्तिका निघाली. पुस्तिकेत 'दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी कल्पकतेने स्थानिक परंपरेचा वापर करून' असं वाक्य आहे. फोटोही आहे. त्यात वानखडे साहेब आहेत, राव साहेब आहेत, भिमाबाईचा पदर आहे. दुपट्टा स्पष्ट दिसतो. त्याच्या टोकाला जो माणूस होता, तिथून फोटो कापला आहे. मला त्यानंतर त्या खात्याचं एकही मोठं काम मिळालं नाही. 'ठेकेदाराने पायरी ओळखावी' असं कोणी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. मी पायरी ओळखतोच, खड्डा खोदूनच वर आलोय. मला राग कामं गेल्याचा नाही. म्हणजे आहे, पण तो निभावला. राग त्या 'कल्पकतेने' या शब्दाचा आहे.

दिवसाची वीज सुरू झाली त्या दुपारी मला आमच्या बाजूच्या कामावर पाय ठेवायची मनाई होती. म्हणून मी मल्लय्यासोबत आंध्राच्या काठावर बसलो. समोर टेकाडावर खैरटोक्याची टाकी, खाली बायका जमलेल्या, रंगीत ठिपक्यांसारख्या. दोन तरुण पंपाच्या खोलीकडून सावकाश चालत वर आले, त्यांच्याजवळ डबा नव्हता, काही नव्हतं. बराच वेळ काही होईना. मल्लय्या पेंगू लागला. मग टाकीच्या काठावरून पाणी चमकलं. आधी एक धार, मग चारी बाजूंनी. टाकी भरून वाहू लागली, आणि कोणी कॉक बंद करेना.

मला वाया गेलेलं काही बघवत नाही. मी उठलो आणि काठावर जाऊन ओरडलो, "बंद करा वं! पाणी वाया चाललं! कॉक बंद करा!"

तिकडून एका बाईने हात वर करून हलवला.

"तुमको बुला रहे, सेठ," मल्लय्या म्हणाला.

"बुलावत नाई बे, पाणी चाललं ते!" मी पाण्यात दोन पावलं शिरलो. आणखी मोठ्याने ओरडलो. आता सगळ्याच हात हलवू लागल्या. लेतूने चांगला हात वर केला. भिमाबाई त्या धारेखाली उभी होती, डोक्यावरून पाणी घेत. मी घसा फाडून शिव्या देत राहिलो आणि त्या हसून हात हलवत राहिल्या, वीज जाईपर्यंत.